श्रोत्याचे आप्तत्व

न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची व्याख्या करताना स्मृतीला त्या व्याख्येच्या बाहेर ठेवले, ही गोष्ट तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु एखाद्या वृद्धासमोर बसून त्याच्या आयुष्याची हकीकत ऐकण्याचे आणि ती टिपून ठेवण्याचे काम ज्याने पत्करले आहे, तो या सिद्धान्ताशी येऊन थबकल्यावाचून राहत नाही. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे. त्यांच्यापासून होणारा यथार्थ अनुभव ती प्रमा. आणि स्मरण म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या अनुभवाच्या संस्काराचे पुन्हा जागे होणे, म्हणून त्याला स्वतःचे प्रामाण्य नाही, अशी ही मांडणी आहे. मौखिक इतिहासाचा सारा व्यवहार तर स्मरणावर चालतो. तेव्हा जे प्रमाणांच्या पंक्तीला बसत नाही त्याच्या आधारावर रचलेला वृत्तान्त कोणत्या अधिकाराने इतिहास म्हणवून घेतो, हा प्रश्न मुलाखतीचे तंत्र शिकू पाहणाऱ्याने ध्वनिमुद्रणाचे यंत्र विकत घेण्यापूर्वी स्वतःला विचारावा, असे माझे मत आहे. कारण तंत्राचे सगळे नियम या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात.

उत्तराची पहिली पायरी खुद्द नैयायिकांनीच घालून ठेवली आहे. सांगणाऱ्याच्या मनात जे स्मरण आहे ते त्याच्यापुरते स्मरण खरे, पण त्याने ते वाक्यात घालून दुसऱ्याला दिले की ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ते शब्दप्रमाणाच्या कक्षेत येते. आणि शब्दाचे प्रामाण्य वक्त्याच्या आप्तत्वावर अवलंबून असते. आप्त कोण, याचा वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात केलेला खुलासा मला भारतीय विचारातील अत्यंत उदार वचनांपैकी एक वाटतो: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. ज्ञानाच्या दरबारात जन्माने कोणालाही मज्जाव नाही, हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितले की, त्याचे मोल पुढे आपल्या समाजाने ओळखले नाही याचा खेद वाटतो. याच शास्त्रात ऐतिह्य नावाच्या आणखी एका प्रमाणाची चर्चा येते. ज्याचा मूळ सांगणारा कोण हे निर्दिष्ट नाही, असे परंपरेने चालत आलेले सांगणे म्हणजे ऐतिह्य. नैयायिकांनी त्याला स्वतंत्र प्रमाण न मानता शब्दातच त्याचा अंतर्भाव केला. वडाच्या झाडावर यक्ष राहतो असे लोक म्हणतात, हे ऐतिह्य; त्या वडाखाली मी अमुक साली अमुक सभा पाहिली असे कोणी नावानिशी सांगतो, ही साक्ष. मौखिक इतिहासाचा विद्यार्थी या दोहोंची गल्लत करू लागला की त्याचे टिपण निकामी होते. सांगणारा कोण, तो त्या वेळी कोठे उभा होता, त्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, हे प्रत्येक वाक्यागणिक विचारावे लागते.

मराठी भाषेला याबाबतीत दूरचे गुरू शोधण्याचे कारण नाही. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, हाच मुळी साक्षींच्या संकलनातून सिद्ध झाला आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली, आणि त्यांच्या अनुज्ञेने म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा करण्याचे काम ऋद्धिपूर येथे आरंभिले. लीळाचरित्राचा काल परंपरेने शके 1200, म्हणजे इ. स. 1278, असा मानला जातो. म्हाइंभट हे मूळचे शास्त्रनिपुण पंडित. स्वतःच्या प्रतिभेच्या बळावर एक अलंकृत चरित्र रचून मोकळे होणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. जी लीळा ज्याच्या संबंधात घडली त्याला गाठावे, त्याच्या तोंडून ती ऐकावी, मग ती आचार्यांपुढे ठेवून शोधून घ्यावी, असा क्रम त्यांनी धरला. त्यामुळे या ग्रंथात गावांची नावे आहेत, देवळांची नावे आहेत, कोण कोठे बसले होते आणि कोणी काय विचारले हे आहे. ग्रंथाच्या तीन भागांपैकी एकांक या पहिल्या भागात स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा काळ येतो. त्या काळात भक्तजन सोबत नव्हते, म्हणून तेथील पुष्कळसा वृत्तान्त स्वामींनी पुढे आपल्या परिवाराला जे सांगितले त्यावर आधारलेला आहे. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत मात्र पाहणारे डोळे अनेक आहेत. साक्ष बदलली तसा निवेदनाचा पोतही बदलतो, आणि लक्ष देऊन वाचणाऱ्याला तो बदल जाणवल्याशिवाय राहत नाही.

येथे एक धार्मिक प्रश्न उभा राहतो, आणि तो मला नेहमी मोठा वाटत आला आहे. ज्याला परमेश्वराचा अवतार मानले त्याच्याविषयी भक्ताने चौकशी का करावी? श्रद्धेला साक्षीपुराव्याची गरज पडावी, यात श्रद्धेचा उणेपणा नाही काय? महानुभावांच्या आचारधर्माकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. परमेश्वराचे सन्निधान संपल्यावर भक्ताने त्याचे नाम, त्याची लीळा, त्याची मूर्ती आणि त्याची चेष्टा यांचे स्मरण करीत राहावे, हा त्या पंथाचा नित्यविधी आहे. आता जी लीळा घडलीच नाही तिचे स्मरण करणारा माणूस कोणाचे स्मरण करतो? आपल्या कल्पनेचे. म्हणून म्हाइंभटांच्या हातात अचूकपणा हे पंडिती चोखंदळपणाचे लक्षण राहत नाही, तो उपासनेचा भाग होतो. न्यायशास्त्राने स्मृतीला प्रमाणांच्या बाहेर ठेवले. या पंथाने स्मृतीला मोक्षमार्गात आणले, आणि आणल्याबरोबर तिच्यावर शोधनाचे बंधन घातले. श्रद्धा आणि चिकित्सा एकमेकींच्या वैरिणी आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी या एका ग्रंथाच्या घडणीचा विचार अवश्य करावा.

पुढे अल्लाउद्दीन खल्जीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, आणि ज्यांच्या ज्यांच्या मुखी ग्रंथ होता त्यांनी तो आठवून पुन्हा सिद्ध केला, असे परंपरा सांगते. आठवण्यात फरक पडला. एकाला एक क्रम आठवला, दुसऱ्याला दुसरा; एकाच्या पाठात एक उद्गार आहे, दुसऱ्याच्या पाठात तो नाही. अशा वेळी एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळून टाकण्याचा मोह कोणत्याही धर्मसंस्थेला व्हावा. महानुभावांच्या पोथ्यांतून मात्र भिन्न पाठ सांगणाऱ्यांच्या नावांसह नोंदलेले आढळतात. परमेश्वराच्या चरित्रातही साक्षीदारांचा मतभेद उघड ठेवण्याचे हे धैर्य आजच्या कित्येक संपादकांच्या ठिकाणी दिसत नाही. भाषेच्या बाबतीतही तोच प्रामाणिकपणा. नागदेवाचार्यांचे शिष्य केसोबास यांना संस्कृतात लिहिण्याची हौस; पण त्याने माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, अशा आशयाचे बोलून आचार्यांनी त्यांना मराठीकडे वळविले, अशी आठवण स्मृतिस्थळ या महानुभाव ग्रंथात आहे. ज्यांनी सांगितले त्यांना लिहिलेले वाचून दाखविता आले पाहिजे, हा नियम आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात शिकवितात. आचार्यांना तो करुणेने सुचला होता.

त्यानंतरच्या शतकांत साक्षीचे काम देवळाकडून दिवाणाकडे आले. वतनाचा कज्जा उभा राहिला की गोतसभा भरे, वादी आणि प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे हकीकत, लिहून देत, वृद्ध मिराशी आणि बलुतेदार यांच्या जबान्या होत, आणि खोटे बोलाल तर बेताळीस पूर्वजांना बाध येईल असे बजावून त्यांना सत्य बोलण्यास सांगत. निवाडा झाल्यावर महजर, म्हणजे निवाडापत्र, लिहिला जाई. त्याच्यावर पाटलाच्या नावापाशी नांगर आणि कारूंच्या नावांपाशी त्यांच्या त्यांच्या हत्याराची निशाणी उमटलेली पाहिली म्हणजे निरक्षर माणसाच्या स्मरणाला त्या काळच्या राज्यव्यवहारात केवढी किंमत होती हे ध्यानात येते. गंमत अशी की, हेच महजर पुढे अस्सल कागद म्हणून इतिहाससंशोधकांच्या दप्तरात मानाने विराजमान झाले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, आणि बखरींतील ऐकीव मजकुरावर जी कठोर टीका केली ती आपल्या संशोधनाला वळण लावणारी ठरली, याबद्दल त्यांचे ऋण मान्यच आहे. परंतु अस्सल कागद म्हणून ज्याला आपण वंदन करतो तोही पुष्कळदा कोणा म्हाताऱ्या कुळवाड्याची जबानीच असते. कारकुनाच्या लेखणीतून गेली एवढाच फरक. महानुभावांच्या सांकेतिक सकळ लिपीची उकल करून ते साक्षीभांडार मराठी वाचकाला खुले करण्यात राजवाड्यांचाच हात होता, ही घटना मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

तर वक्ता आप्त असावा, हे ठरले. आता जो मुद्दा मला मांडायचा आहे तो असा की, आप्तत्वाचे हे लक्षण एकपदरी आहे. ते सारे वक्त्याच्या अंगावर टाकलेले आहे. वक्त्याने वस्तू जाणलेली असावी आणि त्याला सांगण्याची इच्छा असावी. पण ही इच्छा कोठून येते, आणि कोणापुढे येते? तीच स्त्री सरकारी पाहणी करणाऱ्यापुढे एक सांगते, नातवापुढे दुसरे सांगते, आणि ज्याच्यावर तिचा भरवसा बसला त्याच्यापुढे तिसरे सांगते. आणि या तिन्ही वेळा ती खोटे बोलत असते असे मुळीच नाही. आप्तत्व हा वक्त्याच्या खिशात आधीपासून असलेला जिन्नस नव्हे. विचारणारा आणि सांगणारा यांच्या दरम्यान तो घडतो. म्हणून श्रोत्याच्या आचरणाचा प्रमाणशास्त्रात समावेश केला पाहिजे, आणि मुलाखतीचे तंत्र म्हणजे श्रोत्याने आप्त होण्याची साधना होय, असे मी म्हणतो.

एक उदाहरण देतो. मुंबईच्या गिरणगावात, लोअर परळच्या एका चाळीत, पूर्वी खानावळ चालविणाऱ्या एका वृद्ध बाईंची हकीकत मी टिपून घेत होतो. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेले गिरणी कामगार अशा बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. त्यांच्या कष्टांना संघटनेचे बळ मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, हे प्रसिद्ध आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाविषयी विचारता बाई ठामपणे म्हणाल्या, “संप झाला आन् माजी खानावळ बंद पडली. त्याच महिन्यात.” त्यांच्या ट्रंकेत हिशेबाची लांबट वही होती; मुलाच्या अक्षरातली. तीत प्रत्येक गड्याचे नाव, महिन्याची रक्कम, आणि जितके दिवस तो जेवला नाही तितके खाडे वजा केलेले. जानेवारीनंतर रकमेचा रकाना कोरा पडत गेला होता, पण नावे होती, आणि खाडे तर महिनोन्महिने नीट मांडलेले होते. म्हणजे जेवणे चालूच होती. कागद आणि जबानी यांचा हा सरळ विरोध होता, आणि कोर्टातल्या वकिलाने तो साक्षीदाराच्या तोंडावर फेकला असता. मी एवढेच विचारले, “मावशी, त्या महिन्यात रात्री चुलीवर काय असायचं?”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमटी आन् भाकरी. पैसं यायचं थांबलं तवा खानावळ संपली, भाऊ. फुडचं जेवान घरचं. घरच्या जेवनाला काय खानावळ म्हनत्यात?”

“मग खाडे कशाला मांडले?”

“आता! कोन जेवाया आलं न्हाई ते कळाया नगं? गावाला ग्येला, का आजारी पडून ऱ्हायला, बघाया नगं का जाया?”

धंदा ज्या दिवशी संपला त्या दिवशी त्यांच्या लेखी खानावळ संपली होती, आणि त्यानंतर ज्या वहीने एका पैशाची वसुली केली नाही ती वही माणसांची हजेरी घेत राहिली होती. संपाच्या इतिहासातील ही वस्तुस्थिती कोणत्याही दप्तरात नाही. ती त्या वहीतही नव्हती, कारण कोऱ्या रकान्याचा अर्थ वही सांगत नाही. आणि बाईंच्या पहिल्या वाक्यातही नव्हती. ती दोहोंच्या विरोधातून, आणि त्या विरोधाला दोषारोपाचे रूप न देता चुलीविषयी विचारलेल्या एका प्रश्नातून बाहेर आली.

या कामाच्या शिक्षणात जे नियम सांगतात ते वरवर क्षुल्लक वाटतात. एका वेळी एकच प्रश्न विचारावा; ज्याचे उत्तर होय अथवा नाही एवढ्यात संपेल तो टाळावा; तुम्हाला कसे वाटले असे विचारण्यापेक्षा त्या दिवशी काय केले, काय शिजवले, कोणत्या वाटेने गेलात असे विचारावे; सांगणारा थांबला म्हणून लगेच तोंड उघडू नये; आपले मत त्याच्या तोंडी घालू नये; घरी आल्यावर ध्वनिमुद्रण स्वतःच्या कानांनी ऐकून स्वतःच्या हाताने उतरून काढावे, आणि उतरलेला मजकूर पुन्हा त्याच्यापाशी नेऊन वाचून दाखवावा. यांतील मौनाचा नियम सर्वांत कठीण. सुशिक्षित माणसाला दुसऱ्याचे मौन सोसवत नाही. त्या पोकळीत तो आपली विद्वत्ता ओतू लागतो, आणि जे उगवणार होते ते बुडून जाते. अहंकाराचा निरोध वेदान्ताच्या पुस्तकांतून जितका शिकता येतो त्याहून अधिक तो या मौनात शिकता येतो, अशी माझी खात्री आहे.

प्रामाण्याविषयी आपल्या दर्शनांत जो जुना वाद आहे त्याचाही येथे व्यावहारिक उपयोग होतो. कुमारिलादी मीमांसक म्हणतात की, ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक कारण पुढे आल्यावरच त्याचे अप्रामाण्य ठरते. नैयायिक म्हणतात की, प्रामाण्य बाहेरून, पडताळणीने सिद्ध व्हावे लागते. मुलाखत घेणाऱ्याने सांगणाऱ्याच्या ओटीवर मीमांसक असावे आणि आपल्या लिहिण्याच्या मेजावर नैयायिक. ओटीवरच जो नैयायिक होतो त्याला कोणी काही सांगत नाही. मेजावरही जो मीमांसकच राहतो त्याचे पुस्तक म्हणजे ऐतिह्य. इटलीतील आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादनगरीतील लुइजी त्रास्तुल्ली नावाच्या कामगाराच्या मृत्यूचा जो अभ्यास केला तो या दृष्टीने मननीय आहे. तो तरुण 1949 साली नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांच्या गोळीने मारला गेला. पण गावातील अनेकांनी ती घटना 1953 सालची, कामगारकपातीविरुद्धच्या दंगलीतली, म्हणून सांगितली. इतके जण एकाच दिशेने कसे चुकले, याचा विचार करता पोर्तेल्लींना दिसले की, सोबत्याचा मृत्यू इतक्या लहान कारणाने झाला हे मनाला सोसवत नव्हते, म्हणून गावाने त्याला आपल्या जीवनमरणाच्या लढ्यात नेऊन ठेवले. चूक हेही साधन होऊ शकते, हा त्यांचा बोध मला मान्य आहे. मात्र चूक ही चूक आहे हे कळायला 1949 हा आकडा आधी कागदावरून पक्का करावा लागला, हे विसरून चालणार नाही. स्मृतीच्या गौरवात तारखा रुजू करून पाहण्याचे कष्ट टाळणारे अलीकडचे काही अभ्यासक या पूर्वकर्माला फाटा देतात, आणि त्यांच्याशी माझे भांडण आहे.

वात्स्यायनाने जन्माचा अडसर काढला तरी कोणाला विचारायचे हे ठरविताना आपण तो पुन्हा घालतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली प्रसिद्ध झाले तेव्हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या स्वतःच्या तोंडच्या हकीकती मराठी वाचकापुढे पुस्तकरूपाने आल्या. तोवर त्या स्त्रिया बोलू शकत नव्हत्या असे नव्हे. त्यांच्या दारात विचारणारा गेला नव्हता.

राहिला शेवटचा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न. जे खरे म्हणून कळले ते सर्व प्रकट करावे काय? महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगितली आहे. नेहमी सत्यच बोलेन असे त्याचे व्रत. दस्यूंच्या भयाने काही माणसे त्याच्या डोळ्यांदेखत वनात शिरली, मागून आलेल्या दस्यूंनी विचारले, त्याने घडले ते सांगितले, आणि ती माणसे मारली गेली. त्या सत्यापायी कौशिक नरकात गेला. संशोधकापाशी जमलेले सत्य हे पुष्कळदा वनात लपलेल्या माणसांविषयीचे सत्य असते. उर्वशी बुटालिया यांनी फाळणीच्या साक्षींवर 1998 साली जे पुस्तक लिहिले त्यातही अत्याचारांत सापडलेल्या स्त्रियांच्या मौनापुढे कितपत जावे, हा विचार सतत जागा आहे. संमतीपत्रावर सही अथवा अंगठा घेतला की कर्तव्य संपले असे मानण्याची जी रीत पडते आहे ती मला पुरेशी वाटत नाही. कारण सही करताना माणूस अजून काही बोललेला नसतो, आणि आपण काय बोलून गेलो हे त्याला बोलून झाल्यावर कळते. म्हणून संमती शेवटी पुन्हा विचारावी, मजकूर वाचून दाखविल्यावर तिसऱ्यांदा विचारावी.

त्या खानावळवाल्या बाईंनी वहीतील एका नावावर बोट ठेवून संपाच्या दुसऱ्या वर्षी त्या माणसाच्या घरी काय घडले ते सविस्तर सांगितले होते. मी उतरलेला मजकूर त्यांना वाचून दाखवीत त्या ठिकाणी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. “ह्ये नगं ठिवू, भाऊ. त्याची ल्येक हितंच ऱ्हाती.” काही वर्षे मोहोरबंद ठेवण्याची सोय दप्तरखान्यात असते, हे मी त्यांना सांगितले, पण त्यांनी मान हलवून नकार दिला. तेवढा भाग ध्वनिमुद्रणातून आणि टिपणातून मी काढून टाकला. संपाच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग झाला असता यात शंका नाही, आणि तरीही तो अभ्यासकाचा नव्हता. टिपणात त्या जागी एक ओळ लिहिली आहे: सांगणाऱ्या बाईंच्या इच्छेवरून येथील मजकूर गाळला. पुढे ते कागद पाहणाऱ्याला येथे काही होते एवढे कळावे. काय होते, ते विचारायला त्याने कोणाच्या दारी जाऊ नये.